नाका गो

किसननगर, तिसरी गल्ली.
जेवणाच्या टेबलावर, प्लास्टिकच्या वेलबुट्टीवर
एक जपानी तलवार आडवी पडली आहे.

कळव्याच्या खोचरेकाकांची.
त्यांच्या वडिलांनी ब्रह्मदेशातून आणली,
लढाई संपल्यावर, घोंगडीत गुंडाळून.
तेव्हापासून दर खंडेनवमीला तिला झेंडू, कुंकू,
आणि आदल्या संध्याकाळी चिंच.
चिंच, राख, काथ्या. ऐंशीएक नवम्या.

"तू जपानी शिकलीस ना, हिच्या अंगांची नावं लिहून दे."

मी वागळे इस्टेटीत पंपांच्या पुस्तिका मराठीत आणते.
वॉशर, गास्केट, फ्लँज.
माझ्या जपानीत तलवार नव्हती.
तीन रात्री शोधून वहीत लिहिलं:

किस्साकी, अणी.
मुने, पाठ.
हा, धार.
आपण बोट दाखवून म्हणतो तसं नुसतं हा,
हा कापेल.

सोरी, बाक.
"सॉरी?"
सोरी, काका. तापलेलं पातं पाण्यात बुडवलं की
धार आधी थिजते, पाठ मागाहून,
त्या मागेपुढे होण्यात पातं वाकतं.
कुणी वाकवत नाही.
"म्हणजे सॉरीच," काका म्हणतात.

हामोन: धारेच्या कडेनं जाणारी धुकट रेघ,
ओहोटीनंतर वाळूवर उरते तशी.
मी पातं ट्यूबलाइटखाली कलतं करते,
पुन्हा कलतं करते.
राखेनं नेली.
हे मी सांगत नाही,
वहीत हामोनसमोरची जागा कोरी ठेवते.

त्सुबा, परज. त्सुका, मूठ.
मुठीची रेशमी दोरी सुटलीय, खाली पांढरं, दाणेदार कातडं.
सामे. कोश म्हणतो, शार्क.
बाबा, देवगडचे, तीस वर्षं फिटर,
अंगठा फिरवतात.
"मोरी न्हय ही. वागळी."
पुन्हा बघते. बाबांचं बरोबर.
नाव मोरीचं, कातडं वागळीचं,
आणि इतक्या पिढ्यांत कुणाचं अडलं नाही.

मुठीत आरपार एक बांबूची खुंटी.
सगळं तिच्यावर.
बाबा पितळी सळईनं हळू ठोकतात,
ती निघते, दोन तुकड्यांत.
मूठ सरकते.
आत लोखंडाची शेपटी, काळी, खरबरीत,
जिला काकांच्या घरात कुणी कधी पाहिलं नाही,
कारण तलवार उघडते हेच ठाऊक नव्हतं.

काकांनी खिशातून पॉलिश पेपर काढला.
"नाकागो!" मी ओरडले.
त्या अंगाचं नावच ते,
पण मी नाव सांगत होते की हात धरत होते,
मला अजून कळलेलं नाही.
ओट्यापासून आई: "काय नाका गो?"

हा गंज काढत नाहीत, काका. वय ह्याच्यावर वाचतात.

गंजात अक्षरं. दोन पूर्ण, तिसरं अर्धं;
कधीतरी कुणीतरी तिला आखूड केली,
बुटक्या माणसासाठी असेल.
"ज्याच्याकडून घेतली, त्याचं नाव?"
नाही. घडवणाऱ्याचं.
"मग त्याचं?"
त्याचं कुठेच नसतं.

काका बराच वेळ टेबलाच्या वेलबुट्टीवर नख फिरवत राहिले.
"बाबा कधी बोलले नाहीत. नुसते घासायचे.
आई म्हणायची, पुरे. तरी घासायचे."

बाबांनी माळ्यावरून आजोबांची गरवायची काठी काढली,
टोकाकडून बोटभर कापली, तासली, लावून बघितली,
पुन्हा तासली.
"ह्येका काय म्हणतत?"
मेकुगी.
"मगे मेखच मां ती."

ठोक. बसली.

दारात काका थांबले. बगलेत चादरीचं बोचकं.
"नवमीला मग चिंच नको?"
लवंगेचं तेल, मी म्हटलं. दोन थेंब, मऊ कापडावर.
"दाढदुखीचं?"
तेच.